झाकलेली सूची आणि उघडा प्रश्न

पुस्तकाच्या शेवटी दिलेली शब्दसूची पुस्तकापेक्षा लहान असते. म्हणून ती पुस्तकापेक्षा कमी सांगते असे आपण धरून चालतो. संगणकावरच्या सूचीच्या बाबतीत हे खरे नाही. कोणता शब्द कोणत्या फाइलमध्ये आला आहे आणि त्या फाइलमध्ये कितव्या जागी आला आहे, हे शोधासाठी केलेल्या सूचीत बहुधा नोंदलेले असते. त्या नोंदी जागेच्या क्रमाने लावल्या की मूळ मजकूर जवळजवळ जसाच्या तसा उभा राहतो. म्हणजे फाइल कुलपात ठेवली आणि सूची दारावर टांगली, तर कुलपाला काही अर्थ उरत नाही.

ही अडचण शाळेच्या दृष्टीने समजून घेण्यासाठी एक योजना कल्पून पाहू. अंजनगाव सुर्जी, दर्यापूर, मोर्शी, वरूड, धारणी, चिखलदरा, मूर्तिजापूर आणि बाळापूर अशा आठ गावांतील एकेका शाळेने ठरवले, की मोठा मध्यवर्ती संगणक घ्यायचा नाही. प्रत्येक शाळेच्या फाइली तिच्याच संगणकावर राहतील, पण शोध मात्र सर्वांच्या फाइलींत एकदम करता येईल. प्रश्नसंच आणि प्रकल्पांचे अहवाल सर्वांना खुले. विद्यार्थ्यांच्या आरोग्यतपासणीच्या नोंदी, शुल्कमाफीचे अर्ज, समुपदेशनाची टिपणे फक्त ठरावीक व्यक्तींना. आता सूची कोणी करायची आणि ती कोणाच्या ताब्यात द्यायची? ती ज्याच्या हाती जाईल त्याच्या हाती आठही शाळांची कपाटे गेली, असेच समजायचे.

या प्रश्नाला बर्लिन येथे २००३ साली भरलेल्या ‘व्हीएलडीबी’ या विदासंचयांवरील आंतरराष्ट्रीय परिषदेत एक नामी उत्तर मांडले गेले. मयंक बावा, रॉबर्टो बायार्डो आणि राकेश अग्रवाल हे त्या निबंधाचे लेखक. बावा हे मुंबईच्या आयआयटीचे विद्यार्थी. त्या वेळी ते स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन करीत होते. उरलेले दोघे आयबीएमच्या कॅलिफोर्नियातील आल्माडेन प्रयोगशाळेत होते. निबंधाचा विषय होता जाळ्यावरील कागदपत्रांची गुप्तता राखणारी सूची. ही सूची साऱ्या जगापुढे उघडी केली तरी तिच्यातून कोणाचे गुपित खात्रीने फुटणार नाही, असा लेखकांचा दावा आहे. हा दावा कितपत टिकतो, आणि टिकला तरी तो पुरेसा आहे काय, हे येथे तपासायचे आहे.

जाळ्यात शोध कसा चालतो?

त्याआधी पार्श्वभूमी थोडक्यात पाहू. बरोबरीच्या संगणकांनी एकमेकांना थेट फाइली द्यायच्या, या पद्धतीला ‘पीअर-टू-पीअर’ म्हणतात. १९९९ साली आलेल्या नॅपस्टरमध्ये फाइली लोकांच्या घरी आणि सूची मात्र कंपनीच्या संगणकावर होती. त्यामुळे न्यायालयाच्या आदेशानंतर २००१ साली सूची बंद झाली आणि सगळा व्यवहारच थांबला. २००० साली आलेल्या नूटेलात सूचीच नव्हती. प्रश्न शेजारच्या संगणकांना द्यायचा, त्यांनी तो त्यांच्या शेजाऱ्यांना द्यायचा, असे साधारण सात टप्पे. गावात दवंडी पिटावी तसा हा शोध. वाटेतल्या प्रत्येक संगणकाला प्रश्नाचे शब्द वाचता येत.

आपल्याकडच्या अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वसतिगृहांत, मुंबईच्या आयआयटीतही, ‘डीसी प्लस प्लस’ हा कार्यक्रम एके काळी घरोघरी असावा तसा खोलोखोली होता. त्यात ज्याच्या त्याच्या फाइलींची संपूर्ण यादी इतरांना उघडून पाहता येई. शोधाच्या संदेशातच उत्तर कोठे पाठवायचे तो पत्ता किंवा विचारणाऱ्याचे टोपणनाव असे. म्हणजे ठेवणाराही उघडा आणि विचारणाराही उघडा. गाण्या-सिनेमांपुरते हे कोणाला खटकले नाही.

पण लोक फक्त गाणीच वाटत होते असे नाही. नेथॅनियल गुड आणि आरन क्रेकेलबर्ग यांनी ‘काझा’ या अशाच कार्यक्रमाचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध केला. त्यांनी बारा जणांना विचारले, की तुमच्या संगणकावरचे नेमके काय बाहेरच्यांना दिसते आहे? बरोबर उत्तर फक्त दोघांना देता आले. आपण काय उघडे ठेवले आहे हेच बहुतेकांना माहीत नसते. म्हणून सूचीची रचनाच अशी हवी, की वापरणाऱ्याच्या अज्ञानाची शिक्षा त्याला होऊ नये. बावा आणि सहकाऱ्यांचा निबंध या गरजेतून आलेला आहे.

ब्लूमची चाळणी

त्यांच्या सूचीचा पाया म्हणजे बर्टन ब्लूम यांनी १९७० साली सुचवलेली एक युक्ती. तिला ब्लूम फिल्टर, म्हणजे ब्लूमची चाळणी म्हणतात. ती फळ्यावर सहज दाखवता येते.

फळ्यावर चोवीस घरे आखा आणि त्यांना १ ते २४ क्रमांक द्या. सुरुवातीला सर्व घरे रिकामी. प्रत्येक शब्दाला एका ठरलेल्या गणिती नियमाने तीन घरे मिळतात. समजा ‘पानपिंपळी’ला ३, ११ आणि १७ ही घरे मिळाली; ‘संत्रा’ला ५, ११ आणि २०; आणि ‘कपाशी’ला ८, १४ आणि २०. शाळेच्या फाइलींत हे तीन शब्द असतील तर ती घरे खडूने भरा. ३, ५, ८, ११, १४, १७ आणि २० अशी सात घरे भरतील. शब्द कोठेही लिहिलेले नाहीत. दिसतात ती फक्त भरलेली घरे.

आता कोणी विचारले, ‘संत्रा आहे काय?’ तर ५, ११ आणि २० ही घरे पाहायची. तिन्ही भरलेली आहेत, तेव्हा ‘बहुधा आहे’ असे उत्तर. एक जरी घर रिकामे असते तर ‘नक्की नाही’ असे उत्तर आले असते. आता ‘केळी’ या शब्दाला ५, ८ आणि १७ ही घरे मिळाली असे धरा. तीही भरलेली आहेत! पण ५ भरले संत्र्याने, ८ कपाशीने आणि १७ पानपिंपळीने. केळी फाइलींत नाहीतच. म्हणजे ही चाळणी असलेल्या शब्दाला कधी ‘नाही’ म्हणत नाही. नसलेल्याला मात्र क्वचित ‘आहे’ म्हणते. चोवीसांपैकी सात घरे भरलेली असताना भलताच शब्द असा निसटून जाण्याची शक्यता सुमारे (७/२४)³, म्हणजे चाळिसांत एक येते. बारावीच्या विद्यार्थ्यांकडून घरांची संख्या बदलून हे गणित जरूर करून घ्यावे.

शब्द लिहिलेले नाहीत म्हणून ही चाळणी म्हणजे कुलूप आहे असा समज होणे साहजिक आहे. तो चुकीचा आहे. घरे ठरवण्याचा नियम सर्वांना माहीत असतो. तेव्हा कोणीही शब्दकोश घेऊन बसावे आणि एकेक शब्द तपासून पाहावा. शाळेत काय आहे याची यादी थोड्याफार चुकांसह त्याच्या हाती येते. लेखकांनी हे ओळखले आहे, आणि त्यांच्या निबंधाचे खरे वैशिष्ट्य या पुढच्या पायरीत आहे.

आठांचा एक फळा

लेखक म्हणतात, प्रत्येक शाळेचा फळा वेगळा ठेवूच नका. आठ शाळांचा एक गट करा आणि गटाचा एकच फळा करा. तो करण्याची रीत अशी. फळ्यावरची घरे आधी नाणेफेक करून भरायची. म्हणजे सुमारे निम्मी घरे उगाचच भरलेली. मग तो फळा आठ शाळांमधून गोल फिरवायचा. घर आपल्या यादीतले आहे पण रिकामे दिसते, तर पहिल्या फेरीत निम्म्या शक्यतेने भरायचे. दुसऱ्या फेरीत चारात तीन, तिसऱ्या फेरीत आठात सात, अशी शक्यता वाढवत न्यायची. उलट, घर आपल्या यादीत नाही पण भरलेले दिसते, तर पहिल्या फेरीत निम्म्या शक्यतेने पुसायचे. दुसरीत चारात एक, तिसरीत आठात एक, अशी शक्यता घटवत न्यायची.

काही फेऱ्यांनंतर काय होते? जे घर कोणाच्याच यादीत नाही, ते पहिल्या फेरीतच आठ जणांच्या हातून न पुसता सुटण्याची शक्यता अवघी २५६त १. जे घर कोणाच्या तरी यादीत आहे, ते मधे पुसले गेले तरी पुढच्या फेरीत पुन्हा भरले जाते, आणि शेवटच्या फेऱ्यांत पुसणारे जवळजवळ थांबलेले असतात. अखेरीस फळ्यावर आठही शाळांची बेरीज शिल्लक राहते. पण फळा हातात आल्यावर एखादे भरलेले घर आधीच्या कोणी मुद्दाम भरले की सुरुवातीच्या नाणेफेकीतून उरले, हे कोणालाच सांगता येत नाही.

हा गटाचा फळा जाहीर करायचा. कोणी ‘पानपिंपळी’ शोधली की सूची उत्तर देते, ‘या गटाकडे चौकशी करा’ आणि आठही शाळांची नावे पुढे करते. मग शोधणाऱ्याने आठही शाळांच्या संगणकांना स्वतःची ओळख देऊन विचारायचे. ज्या शाळेकडे फाइल आहे आणि ज्या शाळेच्या नियमानुसार विचारणाऱ्याला ती पाहण्याचा अधिकार आहे, ती शाळा फाइल देईल. बाकीच्या ‘नाही’ म्हणतील. अधिकार नसलेल्यालाही ‘नाही’ असेच उत्तर. त्यामुळे नाही म्हणजे खरोखर नाही की तुम्हाला नाही, हे कळत नाही.

या रचनेचे दोन गुण मोकळेपणाने मान्य केले पाहिजेत. एक, कोणत्याही मध्यस्थावर विश्वास ठेवावा लागत नाही. फाइलींची किल्ली ज्याची त्याच्याकडे राहते. दोन, ‘आमची यंत्रणा सुरक्षित आहे’ असे मोघम आश्वासन न देता लेखक आकडा देतात. गटात आठ जण असतील आणि एकाकडेच फाइल असेल, तर कोणा एकावर संशय आठात एक. गट मोठा केला तर संशय कमी होतो, आणि चौकशीचा खर्च वाढतो. गुप्ततेची किंमत इतकी उघड सांगणारे लेखन फार थोडे असते.

आठात एक, पण कोणासाठी?

आता पहिला आक्षेप. ‘आठात एक’ हा आकडा कोणासाठी खरा आहे? ज्याला या आठ गावांविषयी काहीच माहिती नाही त्याच्यासाठी.

पानपिंपळी हे अंजनगाव सुर्जी आणि त्याला लागून असलेल्या अकोट-तेल्हाऱ्याच्या पट्ट्यातले पीक. पानमळ्यांच्या या भागाबाहेर त्याची लागवड क्वचितच दिसते. आमच्या कल्पित गटाच्या फळ्यावर ‘पानपिंपळी’ची घरे भरलेली दिसली, तर वऱ्हाडातला कोणताही माणूस आठ नावांतून एका नावावर बोट ठेवील. त्याला गणिताची गरज नाही. तसेच कोरकू भाषेतले शब्द दिसले तर संशय आठांवर न पसरता धारणी आणि चिखलदरा या मेळघाटातल्या दोनच शाळांवर येईल. उलट दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात ३० डिसेंबर १८०३ रोजी झालेला तह सुर्जी-अंजनगावच्या नावाचा असला, तरी तो इतिहास शिकवणाऱ्या कोणत्याही शाळेच्या फाइलींत सापडेल. तेथे गावाचे नाव असूनही गाव उघडे पडत नाही.

यातून निघणारी गोष्ट महत्त्वाची आहे. गर्दीत लपायचे तर गर्दी आपल्यासारखी हवी. पिवळ्या फेट्यांच्या घोळक्यात एकच लाल फेटा असेल, तर घोळका आठांचा असो की ऐंशींचा, लाल फेटा लपत नाही. तेव्हा गटात किती जण आहेत हा प्रश्न दुय्यम. गट कोणाचा आहे हा मुख्य. निबंधातील गणित संशय सर्वांवर सारखा वाटून देते, पण पाहणारा माणूस कोऱ्या पाटीचा नसतो. त्याला गाव माहीत असते, पीक माहीत असते, मास्तर माहीत असतात. संभाव्यता शिकवताना ‘आधीची माहिती बदलली की शक्यता बदलते’ हे आपण सांगतो. त्याचे याहून जवळचे उदाहरण शोधावे लागणार नाही.

दुसरा आक्षेप फळा फिरवण्याच्या रीतीवर आहे. त्या रीतीत रिकामे घर भरण्याचा अधिकार फक्त ज्याच्या यादीत ते घर आहे त्यालाच आहे. आता दर्यापूरने फळा अंजनगावला दिला आणि अंजनगावने तो मोर्शीला दिला. दर्यापूर आणि मोर्शी यांनी आपसात ‘तुम्ही दिला तेव्हा कसा होता, मला मिळाला तेव्हा कसा होता’ एवढे ताडून पाहिले, की मधे जी घरे नव्याने भरली ती अंजनगावचीच हे सिद्ध होते. येथे शक्यता नाही, थेट पुरावा आहे. क्रम दर फेरीला बदलला तर हे अवघड होते, पण अशक्य होत नाही. मध्यस्थावरचा विश्वास काढून टाकला असे म्हणताना तो दोन शेजाऱ्यांकडे सरकवला गेला आहे, हे विसरता येत नाही. अनोळखी कंपन्यांच्या जाळ्यात शेजारी संगनमत करणार नाहीत असे धरता येईल; ज्या जाळ्यातले सगळे एकमेकांचे व्याही-सोयरे आहेत तेथे ते धरणे भाबडेपणाचे ठरेल.

विचारणाऱ्याचे काय?

तिसरा आक्षेप सर्वांत मोठा आहे, आणि आमच्या मते तोच शाळांना लागू पडणारा आहे. ही सगळी खटपट ठेवणाऱ्याचे गुपित राखण्यासाठी आहे. विचारणाऱ्याचे काय?

समजा अंजनगावच्या शाळेतल्या एका बाईंच्या वर्गात एका मुलाला झटके येतात. त्याच्या पालकांनी ते विश्वासाने फक्त बाईंना सांगितले आहे. झटका आला तर वर्गात काय करावे, हे पाहण्यासाठी बाई ‘मिरगी’ हा शब्द शोधतात. सूची गटाकडे बोट दाखवते. बाईंचा प्रश्न, त्यांच्या नावासकट, आठ शाळांच्या संगणकांवर नोंदला जातो. फाइल एका शाळेकडे होती. उरलेल्यांना हा प्रश्न कळण्याचे काही कारण नव्हते. त्यांनी एकही फाइल दिली नाही आणि घेतली नाही. पण अंजनगावच्या अमक्या वर्गाच्या बाई मिरगीची माहिती शोधत आहेत, एवढे त्यांना कळले. पुढचे सांगायला गाव समर्थ असते. किंवा दुसरे शिक्षक ‘बालविवाह’ आणि ‘तक्रार’ हे दोन शब्द शोधतात. हा शोध कोणाच्या कानावर जातो, यावर एखाद्या मुलीचे भवितव्य अवलंबून असू शकते.

येथे निबंधातली एक विसंगती समोर येते. ठेवणाऱ्याभोवती गर्दी जितकी मोठी, तितके अधिक लोक विचारणाऱ्याचा प्रश्न ऐकतात. गट आठांचा असेल तर फाइल नसलेले सात जण ऐकतात. पन्नासांचा असेल तर एकोणपन्नास. एकाचा आडोसा वाढवायचा तर दुसऱ्याला अधिक उजेडात उभे करावे लागते. लेखकांनी शोधणाऱ्याची गुप्तता आपल्या निबंधाच्या कक्षेबाहेर ठेवली आहे, आणि तसे प्रामाणिकपणे सांगितलेही आहे. तेव्हा त्यांना लबाडीचा दोष देता येणार नाही. पण दोन प्रश्न वेगळे आहेत म्हणून एक आधी सोडवू, दुसरा मागाहून पाहू, असे येथे चालत नाही. पहिल्याचे उत्तरच दुसऱ्याला अवघड करते. आमचा आक्षेप यावर आहे.

प्रश्न हीसुद्धा माहिती आहे, हे खेड्यातल्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही. अमक्या गटाचा सातबारा तमक्याने मागितला, एवढ्यावरून जमिनीचा सौदा होणार हे गाव ताडते. उताऱ्यात काय लिहिले आहे ते कोणी वाचलेलेही नसते. जगाला हा धडा ऑगस्ट २००६ मध्ये मिळाला. एओएल या अमेरिकी कंपनीने सुमारे साडेसहा लाख लोकांचे तीन महिन्यांतले शोध संशोधकांसाठी म्हणून जाहीर केले. नावे काढून त्या जागी क्रमांक घातले होते. तरीही ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या वार्ताहरांनी एका क्रमांकाचे शोध वाचून त्यामागची जॉर्जिया राज्यातली एक वयस्क बाई शोधून काढली. तिच्या फाइली कोणी पाहिल्या नव्हत्या. तिने फक्त प्रश्न विचारले होते.

प्रश्न न सांगता उत्तर

प्रश्न लपवून उत्तर मिळवणे शक्य तरी आहे काय? आहे, आणि त्याची एक सुंदर रीत बेनी शोर, ओडेड गोल्डराइक, एयाल कुशिलेवित्झ आणि मधु सुदान यांनी १९९५ साली दाखवली. तीही वर्गात करून पाहता येते.

आठ नोंदींची एक यादी घ्या. प्रत्येक नोंद ० किंवा १. समजा ती १, ०, ०, १, १, ०, १, ० अशी आहे. तिच्या दोन प्रती दोन मुलांकडे द्या आणि त्यांना वर्गाच्या दोन कोपऱ्यांत बसवा. तुम्हाला पाचवी नोंद हवी आहे, पण ती हवी आहे हे दोघांनाही कळू द्यायचे नाही. आठ वेळा नाणे फेका. छाप आली ते क्रमांक निवडा. समजा १, ४, ६, ७ आले. पहिल्या मुलाला विचारा, ‘या क्रमांकांच्या नोंदींची बेरीज सम की विषम?’ १+१+०+१ म्हणजे ३, विषम. दुसऱ्या मुलाला त्याच यादीत पाचवा क्रमांक घालून विचारा (तो आधीच निवडला गेला असता तर वगळून): १, ४, ५, ६, ७. बेरीज ४, सम. दोन उत्तरे वेगळी आली, म्हणजे पाचवी नोंद १. सारखी आली असती तर ०. पहिल्या मुलाला दिसली ती निव्वळ नाणेफेक, दुसऱ्यालाही तेवढीच. दोघे भेटले तरच गुपित फुटते.

ही युक्ती आमच्या आठ शाळांना जशीच्या तशी लावता येत नाही, हेही सांगितले पाहिजे. येथे एकाच यादीच्या दोन प्रती लागतात. शाळांच्या फाइली मात्र वेगवेगळ्या आहेत. शिवाय उत्तर देणाऱ्याला प्रत्येक प्रश्नासाठी सगळी यादी हिशेबात धरावी लागते. काही नोंदी तो कधीच पाहत नसेल, तर प्रश्न त्या नोंदींविषयी नाही हे त्याला कळेल. म्हणून खर्च अटळ आहे. २०२३ साली एमआयटीच्या संशोधकांनी ‘टिपटो’ नावाची शोधयंत्रणा मांडली. ३६ कोटी वेबपानांत ती अशा रीतीने शोध घेते, की प्रश्न कोणता हे यंत्रणेलाही कळत नाही आणि एकाच मालकाचे संगणक पुरतात. पण एका प्रश्नासाठी सुमारे ५७ मेगाबाइटची देवाणघेवाण आणि एका संगणक-गाभ्याची १४५ सेकंदांची मेहनत लागते. अशक्य नाही, स्वस्तही नाही.

प्रश्न मित्रांच्या हातून फिरवून त्याचा उगम झाकण्याची वाटही लोकांनी चोखाळली आहे. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ‘वनस्वॉर्म’चे संशोधन २०१० साली प्रसिद्ध झाले. त्यात उत्तराला मुद्दाम उशीर लावला जाई, म्हणजे ते जवळून आले की दुरून हे कळू नये. पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी वेळेच्या मोजमापावरूनच फाइल कोणाकडे आहे हे अनेकदा ओळखता येते असे दाखवले. आडोसा बांधणे आणि त्यात फट शोधणे, अशी ही शर्यत चालूच आहे.

मग फाइल देणाऱ्याला अधिकार तपासायचा आहे आणि विचारणाऱ्याला नाव लपवायचे आहे, या पेचाचे काय? त्यावरही विचार झालेला आहे. डेव्हिड शॉम यांनी १९८५ सालीच दाखवले, की ‘मी शिक्षक आहे’ एवढे सिद्ध करून ‘मी कोण’ हे न सांगता येणारे संगणकीय दाखले तयार करता येतात. बसमध्ये पास दाखवावा आणि वाहकाने नाव विचारू नये, तशातला हा प्रकार. २००३ सालच्या निबंधातील सूचीला अशा दाखल्यांची जोड दिली, तर शाळा विचारणाऱ्याचा अधिकार तपासू शकतील आणि बाईंचे नाव त्यांच्या दप्तरी लागणार नाही. त्यासाठी प्रश्न कोणत्या संगणकावरून निघाला हेही झाकावे लागेल, हे ओघानेच आले.

निष्कर्ष

या निबंधाने सूची झाकली, हे त्याचे यश. आकडा पुढे ठेवून झाकली, हे त्याहून मोठे यश. पण तो आकडा गावाची माहिती नसलेल्या परक्यासाठी आहे, फळा फिरवणारे शेजारी एकमेकांशी बोलणार नाहीत असे तो धरतो, आणि प्रश्न विचारणाऱ्याला तो उघड्यावर ठेवतो. मोठमोठ्या संस्थांच्या व्यवहारात या उणिवा सोसण्यासारख्या असतील. शाळेत माहिती बहुतेक वेळा दुसऱ्याची असते. मुलाची नोंद शाळेने ठेवलेली असते आणि मुलाविषयीचा प्रश्न शिक्षक विचारत असतो. दोन्ही बाजूंना गुपित एकाच मुलाचे आहे. त्यामुळे एक बाजू झाकून दुसरी उघडी ठेवल्याने त्याचे काही भले होत नाही.

शाळांसाठी सामायिक शोधाची कोणतीही योजना पुढे आली, तर तिच्या गुणवर्णनाबरोबर तीन प्रश्न विचारावेत. आमच्या फाइलींत काय आहे हे सूचीवरून कोण ताडू शकेल? आमच्याबरोबर गटात कोण आहेत, आणि ते आमच्यासारखे आहेत काय? आणि आम्ही काय शोधले, हे कोणाकोणाच्या दप्तरी नोंदले जाईल? पहिल्या दोहोंची उत्तरे बहुधा तयार असतात. तिसऱ्याचे उत्तर मिळेपर्यंत मुलांच्या नोंदी त्या सूचीत घालू नयेत, आणि मुलांविषयीचे प्रश्न त्या जाळ्यात विचारू नयेत. शाळांनी प्रश्नसंच, प्रकल्प आणि धड्यांची टिपणे खुशाल एकमेकींना द्यावीत. त्यांना आडोशाची गरजच नाही.